मांडवाच्या खांबाला चार टोप

नणंदेचं साक्षगंध आणि सून ड्युटीवर, ही तक्रार भागरताबाईनं चार दिवसांत इतक्या जणांना ऐकवली होती की मोहल्ल्यातल्या कुत्र्यांनाही ती पाठ झाली असावी. मांडववाल्याला ऐकवली. आचाऱ्याला ऐकवली, तो वांगी चिरत "हाव बाई, हाव बाई" करत राहिला. पुऱ्या लाटायला आलेल्या बायांना तर पीठ भिजवण्यापासून शेवटची पुरी तळेपर्यंत ऐकवली. आणि सकाळी साडेसातला नीलिमा गळ्यात ओळखपत्र अडकवून स्कूटीवर बसली तेव्हा पुन्हा एकदा, खास तिच्यासाठी ऐकवली.

"साऱ्या जगाले सुट्टी भेटते. तुलेच काऊन नाई भेटत वं?"

"भेटली होती आई. मंजूर झाली होती. पण ड्युटीच्या जोडीदाराले काल सलाईन लागली. पावर हौस बंद ठेवता येत नाई न."

"म्हणजे तू नाई गेली त अख्खं चंद्रपूर अंधारात बसन काय?"

"अख्खं नाई," स्कूटी सुरू करत नीलिमा म्हणाली. "अर्धं."

आणि गेली. भागरताबाईला सुनेची हीच गोष्ट डाचायची. भांडत नाही, रडत नाही, उलट बोलत नाही. चार शब्द टाकते आणि निघून जाते. आपण मागं शंभर शब्द घेऊन दारात उभे.

पण माणसाचं तोंड एक असलं तरी त्यातून निघणाऱ्या गोष्टी दोन असतात. ज्या तोंडानं ती सुनेच्या ड्युटीचं गाऱ्हाणं करी, त्याच तोंडानं त्या ड्युटीचा तोराही मिरवी. मोहुर्ल्यांचं घर शहराच्या कडेला, पावर हौसपासून फर्लांगभर. भागरताबाई लग्न होऊन आली तेव्हा तिथं तरोट्याचं रान होतं आणि मोहुर्ल्यांची वांगी-टमाट्याची वाडी त्याला लागून. मग रानात भिंत उठली, आत गिट्टी पसरली, लोखंडाचे उंच सांगाडे उभे राहिले, डोंगराएवढ्या टॉवरवरून तारा आल्या आणि दिवसरात्र एक घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. पहिले काही महिने त्या आवाजानं तिची झोप गेली. आता तो नसला तर झोप येणार नाही.

आत नेमकं होतं काय, हे तिला नीलिमानंच एकदा समजावून दिलं होतं. तिसरी शिकलेल्या बाईला समजेल असं, म्हणजे वाडीच्या भाषेत. "पाहा आई, मोठ्या कालव्याचं पाणी भरधाव येते. ते तसंच वाफ्यात सोडलं त रोपं वाहून जातीन. म्हणून पहिले त्याचा जोर मारायचा, मग दांडादांडानं सोडायचं. आमच्या इथी लाईटचं तसंच आहे. येते ते एक लाख बत्तीस हजार व्होल्टचं. त्याचा जोर उतरवून आम्ही शहराले वाटतो. एक दांड दवाखान्याचा, एक पाण्याच्या टाकीचा, एक बाजाराचा, एक आपल्या मोहल्ल्याचा. कोणता दांड उघडायचा, कोणता बांधायचा, ते आमच्या हातात."

या सगळ्यातलं शेवटचं वाक्य तेवढं भागरताबाईनं पदराला गाठ मारून ठेवलं होतं. आणि आज, मे महिन्याच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत, घुग्घुसहून दोन गाड्या भरून व्याही आले, मांडवात बसल्या बसल्या इंदुताईनं, म्हणजे होणाऱ्या व्याहीणबाईनं, चारही कोपऱ्यांतल्या कूलरकडं पाहिलं आणि म्हटलं, "सोय चांगली केली व्याहीणबाई. लाईट गेली नाई म्हणजे झालं. आमच्या इथी शुभकार्याले जनरेटर सांगूनच ठेवतात." तेव्हा भागरताबाईनं ती गाठ सोडली.

"इथी नाई जात लाईट. माही सून पावर हौसमध्ये आहे. अर्ध्या चंद्रपूरची लाईट तिच्या हातात आहे. सासूच्या मांडवातली बंद करायची तिची हिंमत नाई होत."

इंदुताईच्या भुवया जरा वर गेल्या. शेजारच्या दोघी बायांनी ऐकलं, तिकडं वराच्या मामानं ऐकलं. शब्द गेला तो गेला. दिव्यानी, भागरताबाईचं शेंडेफळ, पाटावर बसली, कुंकू लागलं, ओटी भरली, साडी-नारळ झाले. टाळ्या वाजल्या. पहिल्या पंगतीची पानं मांडायला घेतली.

आणि चिंचेच्या झाडामागून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. कूलर घरघरत थांबले. गाणं मधेच तुटलं.

मांडवात आता आचाऱ्याच्या कढईतलं तेल ऐकू यायला लागलं.

इंदुताईनं पिशवीतून कुठल्याशा लग्नपत्रिकेचा जाड कागद काढला आणि स्वतःला वारा घालायला लागली. हळू, एका लयीत. भागरताबाईला वाटलं, दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

वायरमन लवकर आले, यात काही खोट नव्हती. जंगू कोडापे या भागाचा मुख्य लाइनमन, त्याची गाडी अर्ध्या तासात चिंचेखाली लागली. उन्हानं तापलेलं चिनी मातीचं भांडं फुटलं होतं, तारेला खांबावर धरून ठेवणारं. जंगू आधी पावर हौसला जाऊन आला, मग त्याची माणसं खांबावर चढली. एक या खांबावर, एक चिंचेच्या मागच्या खांबावर, बाकीचे खाली दोर ओढत. भागरताबाई मांडवाच्या तोंडाशी उभी राहून त्यांच्याकडं असं पाहत होती जणू तिच्या नजरेच्या जोरानंच नट आवळले जाणार होते.

पाऊण तास गेला. पंगत खोळंबली होती. घामानं पाहुण्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. या खांबावरचा माणूस खाली उतरताना दिसला तशी ती तरातरा गेली.

"झालं का गा जंगू?"

"झाल्यातच जमा आहे बाई."

"सकाळपासून काही खाल्लं?"

जंगू हसला. "सहा वाजता चहा घेतला होता. तिकडं बाबूच्या वस्तीत तार पडली होती, तिथूनच इकडं आलो."

आता भागरताबाईचा एक नियम होता. सासूकडून आलेला, सासूला तिच्या सासूकडून आलेला. शुभकार्याच्या मांडवासमोरून उपाशी माणूस जाऊ द्यायचा नाही. मग तो भिक्षेकरी असो, पोलीस असो की डाकवाला. लाईट जाऊन नाक कापलं गेलं होतंच, वर खांबावरची माणसं घरासमोर उपाशी राबली असं घुग्घुसात सांगितलं जाणं तिला परवडणारं नव्हतं.

"चाल, पानं मांडली आहेत. तू आन तुही माणसं."

"पहिले परमिट वापस करून येतो बाई. मग—"

"ते मंग करजो! भात थंड होऊन राह्यला. लाईट लावणारी माही सून आहे, तुह्यावाचून अडते काय तिचं?"

जंगूनं मागं वळून चिंचेकडं एकदा पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं. पण भागरताबाईनं त्याचा दंड धरला होता, आणि ती दंड धरते तेव्हा आमदारालाही जेवावं लागतं. जंगू आला. त्याच्या मागून इसरू आला, मंगरू आला, अजून एक नवा होता तोही आला. मांडवाच्या खांबाला खिळे होते, त्यांवर चौघांनी डोक्यावरचे पिवळे टोप टांगले. ओळीनं चार. हातपाय धुतले. पंगतीला बसले. भागरताबाईनं स्वतः वाढलं. वांग्याची भाजी, वरण-भात, भरड्याचे वडे, बुंदी. जंगूनं हात आडवा केला की ती वाटी उजवीकडून टाकायची.

आता बटन दाबायचं तेवढं राहिलं होतं. काम झालं, माणसं खाली उतरली, जेवायलाही बसली. दाब म्हणावं बटन. पण कूलर मुके ते मुकेच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इंदुताईचा कागद हलत होता.

भागरताबाईनं लेकाचा, प्रफुलचा, फोन हिसकून घेतला आणि सुनेला लावला.

"काम झालं वं. लाव लाईट."

"परमिट वापस आलं नाई आई."

"काय नाई आलं?"

"कागद. जंगूभाऊनं सही करून नेला आहे, त्यांनीच येऊन वापस करायचा असते. मी त्यांनाच फोन लावून राह्यली, उचलत नाईत."

"एका कागदासाठी पाहुण्यांले उकडून मारतं काय?"

"आई, दुसरा फोन येऊन राह्यला." आणि बंद.

सासूचा फोन कापला! भागरताबाईनं त्या काळ्या झालेल्या पडद्याकडं असं पाहिलं की प्रफुलनं घाईनं आपला फोन काढून घेतला. "मी जातो गाडीवर," तो म्हणाला. "तू राह्य पाहुण्यांजवळ. तुह्यानं होत नाई ते," असं म्हणून तिनं डोक्यावरून पदर घेतला, वरून ओला दुपट्टा घेतला. आणि निघता निघता, हाताची सवय म्हणा, पाटाशेजारचा डबा उचलून त्यात सुनेसाठी पुऱ्या, भाजी आणि बुंदी भरली. भांडायला निघालेली बाई, पण रिकाम्या हातानं कशी जाईल.

पावर हौसच्या फाटकावर रामाजी चौकीदार बसला होता. मोहल्ल्यातलाच, तिच्या वाडीतली मेथी खाऊन मोठा झालेला.

"बाई, असं आत जाता येत नाई."

"माही सून आहे आत."

"आहे न. पण सासवांसाठी वेगळा नियम नाई लिहिला." त्यानं एक पिवळा टोप पुढं केला. "हा घाला, आन पांढऱ्या पट्ट्यावरूनच चाला. गिट्टीवर पाय नाई टाकायचा."

"मी काय खांबावर चढाले आली?"

"नाई चढू देत तुम्हाले, पण तुमचा काय भरवसा."

दुपट्ट्यावर टोप घालून, हातात डबा घेऊन भागरताबाई त्या लोखंडी जंगलातून चालत गेली. वीस वर्षं भिंतीच्या बाहेरून ऐकलेला घूंऽऽ आता पायांच्या तळव्यांतून वर येत होता. खोलीएवढी लोखंडी यंत्रं, अंगावर पंखे लावलेली, उन्हात म्हशींसारखी उभी होती. तिच्या मनात आलं, यांनाही गरम होत असेल.

आतली खोली थंड होती. भिंतीभर कपाटं, कपाटांवर काटे आणि बारीक दिवे. नीलिमा उभी होती, कानाला फोन.

"साहेब, मी समजून राह्यली. मोहल्ल्यातला पंप बंद आहे, मले माहीत आहे... नाई साहेब, परमिट आल्याशिवाय नाई... तुम्ही नगरसेवक आहात हेही माहीत आहे... वर तक्रार करा, नाव लिहून घ्या. नीलिमा प्रफुल मोहुर्ले."

फोन ठेवला तर दुसरा वाजला. मोठ्या ऑफिसचा कुणीतरी होता. त्यालाही तेच. मग आटाचक्कीवाला. त्यालाही तेच, फक्त साहेबाऐवजी भाऊ. आवाज ना चढला ना उतरला. भागरताबाई दारात डोक्यावर टोप घेऊन उभी होती आणि तिला उगीचच वाटून गेलं की या सगळ्या फोन करणाऱ्यांच्या रांगेत आपण फक्त स्वतः चालत आलो, एवढाच फरक.

पण राग काही तेवढ्यानं उतरला नाही.

"माहा फोन कापतं?"

नीलिमा वळली. सासूच्या डोक्यावरचा टोप पाहून तिच्या ओठांचा कोपरा जरा हलला, पण तिनं सांभाळलं. "बसा आई. ऊन लागलं असन. पाणी देते."

"पाणी नको. लाईट दे. माह्या शब्दाची लाज रायली नाई. चार माणसांत सांगून बसली मी, सून पावर हौसमध्ये आहे म्हणून. ते इंदुताई तिथी कागदानं वारा घेऊन राह्यली, आन प्रत्येक वाऱ्यागणिक माहं नाक कापून राह्यली. दाब ते बटन."

"नाई दाबू शकत."

"काऊन?"

नीलिमानं कपाटाकडं बोट केलं. एका मुठीला लाल पाटी टांगली होती. भागरताबाईनं अक्षर अक्षर जोडत वाचलं. माणसे काम करीत आहेत. चालू करू नये.

"हे पाटी मी टांगली. जंगूभाऊनं कागदावर सही केली तवा. आता ते येऊन म्हणतीन, माही सारी माणसं खाली आली, सामान काढलं, आन पुन्हा सही करतीन, तवाच ते निघते. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानं नाई."

"अवं पण जंगू माह्या मांडवात जेवून राह्यला! मीच नेला ओढून!"

नीलिमानं मान वर केली. "तुमच्या मांडवात?"

"हाव! भरड्याचा चौथा वडा सुरू आहे त्याचा. म्हणून त सांगून राह्यली, सारे खाली आहेत. मी माह्या हातानं वाढलं. दिव्यानीची शपथ. आता त दाब."

"किती जण आहेत आई?"

"चार. चार टोप टांगले मांडवाच्या खांबाले. ओळीनं."

नीलिमानं टेबलावरचं मोठं पुस्तक उघडलं, पान उलटलं, बोट ठेवलं. "इथी पाच नावं आहेत. तुम्ही नीट मोजलं? गर्दीत एखादा सुटला असन नजरेतून."

भागरताबाईच्या कपाळावरची शीर उठली. "मले पंगत मोजता येत नाई? दोनशे पानाची पंगत मी नुसती नजर टाकून सांगते, कुठी मीठ नाई पडलं आन कुठी वरण नाई पोचलं. चार म्हणजे चारच! पाचवा असता त त्याच्या पानात मी—"

आणि ती थांबली.

तिनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं तिच्याकडं. तिच्या डोळ्यांपुढं पुन्हा तो मांडवाचा खांब आला, चार खिळे, चार टोप. आणि मागं वळून चिंचेकडं पाहणारा, तोंड उघडून बंद करणारा जंगू.

"मंग पाचवा कुठी आहे वं?" तिनं विचारलं.

नीलिमानं प्रफुलला फोन लावला. "ऐका. जंगूभाऊ आपल्या पंगतीत आहे. त्याले हात धुवून इकडं पाठवा. पण पहिले चिंचेमागचा खांब पाहून सांगा. पाहायचं फक्त, जवळ नाई जायचं."

फोन टेबलावर ठेवला होता, आवाज मोठा करून. त्यातून प्रफुलच्या चपला ऐकू येत होत्या, कुणीतरी कुणाला तरी "मठ्ठा आण" म्हणत होतं. मग पाला हलल्याचा आवाज. मग प्रफुल.

"वर माणूस आहे. चैतू आहे. कमरेले पट्टा बांधून बसला, तार आवळून राह्यला."

"बरं," नीलिमा म्हणाली. "त्याचं झालं की आरामानं उतरू द्या. घाई नका करू."

भागरताबाई भिंतीजवळच्या बाकावर बसली. डबा मांडीवर. लाल पाटी तिच्या अगदी समोर होती, आणि तिच्या खाली ते बटन. काळं, पोरांच्या खेळण्यातल्यासारखं. एवढंसं.

तिला वाडीतली विहीर आठवली. दर उन्हाळ्यात गाळ काढायला तिचा नवरा खाली उतरायचा, पंचेचाळीस हात, आणि वर दोर धरायची ती. नवी सून होती तेव्हा. एकदा सासरा बांधावरून ओरडत आला, पाहुणे आले, चहा कर, दोर बांध त्या चिंचेला आणि चल. तिनं मान वळवली नाही. सासरा शिव्या देत जवळ आला, तरी नाही. खालून "ओढ" आलं तेव्हाच ओढलं. त्या रात्री सासऱ्यानं तिच्या हातचं जेवण घेतलं नव्हतं. नवऱ्यानं मात्र दोन वेळा भात मागून घेतला होता. ही गोष्ट तिनं कुणाला कधी सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काय होतं? दोर हातात असताना दुसरं करणार काय माणूस?

"पाणी दे वं," ती म्हणाली.

वीसेक मिनिटांनी बाहेर गाडी थांबली. जंगू आत आला. हाताला अजून हळदीचा पिवळेपणा होता. खिशातून घडी केलेला कागद काढला. नीलिमानं त्याच्याकडं पाहून एकेक नाव वाचलं, तो प्रत्येक नावाला "खाली" म्हणत गेला. इसरू, खाली. मंगरू, खाली. विक्की, खाली. चैतू, "बाहेर उभा आहे मॅडम, संगच आणला." तारेवर टाकलेल्या साखळ्या काढल्या? काढल्या. सही.

मग कुठं नीलिमानं लाल पाटी काढून मूठ फिरवली. बाहेर यार्डात काहीतरी खाडकन बसलं. तिनं वरच्या कुणाला तरी फोनवर दोन वाक्यं सांगितली, आणि ते बटन दाबलं. एक काटा शून्यावरून उठला, थरथरला आणि वर जाऊन स्थिर झाला. एवढंच. टाळी नाही, काही नाही. भागरताबाईला वाटलं होतं, काहीतरी मोठं होत असेल.

"लागली तुमची लाईट बाई," जंगू म्हणाला.

"तू काऊन बोलला नाई रे, तुहा माणूस वर आहे म्हणून? मी इथी येऊन बटन दाब म्हणून राह्यली होती!"

जंगू जरा खजील झाला. "बोलणार होतो बाई, पण तुम्ही दंड धरला. आन मी कामावर माणूस टाकून जेवाले बसाले नाई पायजे होतं, हे माही चूक आहे. पण खरं सांगू? आज मॅडम ड्युटीवर आहेत हे माहीत होतं. माह्या सहीशिवाय त्या ब्रह्मदेवाच्या सांगण्यानंही लाईन चालू नाई करत. म्हणून त बिनघोर जेवलो."

दाराबाहेर सावलीत चैतू उभा होता. भागरताबाई बाहेर आली. "आन तुले काय माह्या घरचं अन्न गोड लागत नाई? तू काऊन नाई आला मांडवात?"

चैतूनं डोक्यावरचा टोप काढला. डोकं गुळगुळीत होतं, नुकतं मुंडन केलेलं.

"माय गेली त्याची," जंगू हळूच म्हणाला. "मार्कंड्याकडं गाव आहे. दहावं झालं, तेरवी व्हायची आहे. साक्षगंधाच्या मांडवात कसा पाय टाकन तो? इसरूले म्हणे तुम्ही जा, मी तेवढं आवळून घेतो. बाईले नका सांगू, तिच्या घरी शुभ दिवस आहे."

भागरताबाईनं त्या डोक्याकडं पाहिलं. मग हातातल्या डब्याकडं पाहिलं. "हे मांडवातलं आहे. हे तुले चालत नाई. माह्या मागच्या दारी ये. घरच्या चुलीवर वरण-भात टाकते, साधं. ते त चालते न?"

चैतूनं मान हलवली. डबा तिनं परत आत नेऊन टेबलावर ठेवला, त्या मोठ्या पुस्तकाच्या शेजारी, आणि सुनेकडं न पाहता निघाली.

घरी कूलर घरघरत होते. गाणं सुरू झालं होतं. दुसरी पंगत उठत होती, इंदुताईच्या हातात आता कागदाऐवजी पानाचा विडा होता. भागरताबाई आधी मागच्या दारी गेली, चूल पेटवली, आधण ठेवलं, चैतूला जेवू घातलं. मग पदरानं तोंड पुसत मांडवात आली.

"शेवटी तुम्हालेच जाऊन सांगावं लागलं म्हणा," इंदुताई म्हणाली. "सासूबाई गेल्या तवा कुठी सुनेनं बटन दाबलं."

बोलणं असं होतं की त्यावर नुसती मान हलवली असती तरी नाक शाबूत राहिलं असतं. वरून मोठेपणाही मिळाला असता.

"नाई," ती म्हणाली. "मी सांगतलं त तिनं दाबलंच नाई."

"सासूचं ऐकत नाई?"

"नाई ऐकत." आणि हे ती अशा आवाजात म्हणाली, जसं कुणी पोरीच्या अंगावरचा दागिना दाखवावा. इंदुताईला काय समजावं ते कळेना, म्हणून तिनं विडा तोंडात घातला.

साडेचारला नीलिमाची स्कूटी दारात लागली. पाहुणे निघायच्या तयारीत होते, गाड्यांत पिशव्या चढत होत्या. ती आत आली, दिव्यानीला जवळ घेतलं, इंदुताईच्या पाया पडली आणि मग सासूसमोर येऊन उभी राहिली, रिकामा डबा हातात. प्रफुल लांबूनच पाहत होता. त्याला वाटलं, आता सुरू होणार.

भागरताबाईनं डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं. पुसून खाल्ला होता.

"हे पाह्य नीलिमा," ती म्हणाली, साऱ्यांना ऐकू जाईल अशी. "नणंदेच्या साक्षगंधाले घरी नसणारी सून मले आवडत नाई. सकाळीही नाई आवडली, आताही नाई आवडत. सासूचा फोन कापतं, हेही वाईट. पण आज मी तुले लेकीची शपथ घालून एका माणसाचा जीव घ्याले सांगत होती, आन तू जागची हालली नाई. म्हणून सांगून ठेवते. त्या खोलीत माहं कधी ऐकजो नको. मी येऊन रडली, पाया पडली, तरी नाई. या घरात मात्र मी सांगन तसंच चालन. आता हात धू आन बस. तुहं पान मी अजून उचलू नाई दिलं."